पस्तीसच्या जागी पंचवीस

आमच्या कचेरीत टेबलावरचा फोन बिघडला की लोक तो वैद्यबुवांकडे आणत, आणि वैद्यबुवा तो आधी हुंगत. मीटर नाही, पेचकस नाही, आधी नाक. फोन उलटा करायचा, पोटाखालच्या जाळीला नाक लावायचं आणि डोळे मिटायचे. मग निदान. "घंटी ठीक आहे याची, पॉवरचा कपॅसिटर उडालाय." किंवा, "यात चहा सांडलाय, आणि तुम्ही साखर जास्त घेता." हे दुसरं निदान ऐकून वसुलीतला एक कारकून असा ओशाळला, की पुढे वर्षभर बिनसाखरेचा चहा पीत होता. या हुंगण्यावरूनच त्यांना वैद्यबुवा नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथंच राहिलं.

कचेरी पाणीपुरवठ्याची. सात मजले, तीनशेच्या वर फोन, आणि सगळ्यांचा जीव तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत. खोलीच्या एका टोकाला माझा बोर्ड. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी माझ्या कानात यायचा, मग मी तो वर पाठवायची. दुसऱ्या टोकाला वैद्यबुवांचं टेबल. मध्ये एक लोखंडी कपाट, त्याचं दार लागत नसे. या खोलीत आम्ही दोघांनी बावीस वर्षं काढली. माझ्या नवऱ्याशीही मी इतके तास बोललेली नाही, आणि बोलले असते तर संसार टिकला असता की नाही, सांगता येत नाही.

मी फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. दिवसभर लोक कानात ओरडतात, "नळाला पाणी नाही!" जणू मीच तोटी बंद करून बसले आहे. तो सगळा राग मी बुवांवर काढत असे. बुवा तो घेत. मान खाली, हातात गरम सोल्डरिंगची दांडी, नाकाशी धुराची बारीक रेघ, आणि ओठांवर कायम अर्धं हसू. एवढं सोसणारा माणूस समोर असला की आपली जीभ जास्तच सैल सुटते, हा माझा अनुभव आहे.

त्यांची दुरुस्ती बघण्यासारखी असे. फोनच्या रबरी पायांखाली चार स्क्रू लपलेले असतात. नवखा माणूस फोन उघडायला जातो आणि फोडून ठेवतो. बुवा नखानं रबर उचलत, स्क्रू काढून एका बशीत ठेवत, आणि प्रत्येक फोनची बशी वेगळी. आतली हिरवी पाटी बाहेर काढायची, जिथून वीज आत येते त्या कोपऱ्यात बघायचं. दहातल्या आठ फोनांचं दुखणं तिथंच. शेंगदाण्याएवढं एक काळं नळकांडं असतं, कपॅसिटर म्हणतात त्याला. ते तापून फुगतं, डोकं फुटतं, आतलं पाणी पाटीवर सांडतं, आणि सडक्या मासळीसारखा वास येतो. बुवा खालून कथलाचा डाग तापवून मेलेलं नळकांडं उपटत, पाटी ब्रशनं घासत, नवं बसवत. पांढऱ्या पट्टीची बाजू वजा, ती चुकली तर स्फोट. मग कथलाचा थेंब. मग फोन जोडून माझ्याच बोर्डावर फोन करत. "बाई, ऐकू येतंय का?"

"अहो, पाच पावलांवर बसलाय तुम्ही. नुसत्या तोंडानं बोललात तरी ऐकू येईल."

"नियम आहे," ते म्हणत. बावीस वर्षं हाच विनोद, आणि बावीस वर्षं आम्ही दोघंही हसायचो.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या नळकांड्याच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ते किती व्होल्ट सोसेल. बाकी सगळं मीटरवर कळतं, हे कळत नाही. हे वाचावंच लागतं. आमच्या फोनांच्या अडॅप्टरवर चोवीस लिहिलेलं, पण फोन नुसता पडून असला की तोच अडॅप्टर बत्तीस देतो. म्हणून पस्तीसचा कपॅसिटर हवा. पंचवीसचा लावला तर लगेच काही होत नाही, लबाडी तीच आहे. टेबलावर चालतो. आठवडाभर चालतो. तीन आठवडे चालतो. मग फुगतो.

आणि बुवांना वाचता येईनासं झालं होतं. म्हणजे वर्तमानपत्र यायचं, बसवरचा नंबर यायचा, पण शेंगदाण्यावरची अक्षरं नाही. डोळ्यांत काहीतरी होतं, डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि सांगितलं होतं की हे थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. भिंग लावून, खिडकीत उन्हाला धरून, एक नळकांडं वाचायला त्यांना पाव तास लागे. म्हणून ते माझ्याकडे आणत. तळहातावर दोन-चार नळकांडी, दोन कॉलच्या मधे. "बाई, जरा बघता?" मी बघायची. "पस्तीस. पस्तीस. सोळा. हा कुठून आणलात?" ही गोष्ट आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. ज्याचं सगळं काम बारीक बघण्याचं, त्याला दिसत नाही हे वर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी. मी कुणाला बोलले नाही. फटकळ असले तरी चुगलखोर नाही.

मला मात्र माझ्या डोळ्यांचा भारी तोरा. आमच्या घरात आईला चष्मा, बहिणीला चष्मा, धाकट्या भावाला तर शाळेतच लागला. मी एकटी बिनचष्म्याची, पन्नाशी उलटली तरी. नवरा म्हणायचा, "पेपर एवढा लांब धरतेस, शेजाऱ्यांना वाचून दाखवतेस का?" मी म्हणायची, हात लांब आहेत माझे. बुवांनाही मी सुनावत असे. "डोळे सांभाळायचे असतात, बुवा. माझ्याकडे बघा." नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

तर एका सकाळी प्रशासनाचे साहेब स्वतः खाली आले. साहेब खाली आले की काहीतरी खाली येणार, हे आम्हाला ठाऊक. दारात उभं राहूनच त्यांनी खोलीकडे पाहिलं. कोपऱ्यात मेलेल्या फोनांची चळत होती, सेहेचाळीस. गेलं वर्षभर बुवांना सुटे भागच मिळाले नव्हते, मागण्या वर जात आणि तिथंच राहत.

"वैद्यबुवा," साहेब म्हणाले, "वरती बोलणं चाललंय, की हे फोनच काढून टाकावेत. सगळं कॉम्प्युटरवर घ्यावं. मग ही खोलीही नको."

बुवांच्या हातातली दांडी तशीच राहिली.

"पण मी म्हटलं, एक संधी द्यावी. यातले चाळीस चालू करून दाखवा महिन्याभरात. आणि पुढे दोन महिने त्यातला एकही बंद पडता कामा नये. मग मी लिहितो, की दुरुस्ती परवडते, खोली राहू द्या. तुम्ही निवृत्त होईपर्यंत तरी."

"माझी तीन वर्षं राहिलीत, साहेब."

"तेच म्हणतोय मी."

माझं काय, तेही साहेबांनी जाता जाता सांगितलं. मला दाराशी, स्वागताच्या टेबलावर घेणार होते. म्हणजे मी वाचणार होते. बुवांची नेमणूक मात्र 'दूरध्वनी दुरुस्ती' या दोन शब्दांवर झालेली. ते दोन शब्द गेले की बुवा गेले. छप्पन्नाव्या वर्षी, त्या डोळ्यांनी, त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं? त्यांच्या घरी दोघंच, ते आणि वहिनी. पोटापाण्याचं कसंबसं भागलं असतंही. पण हा माणूस स्वतः रजेवर असताना दोनदा कचेरीत आलेला मी पाहिलाय, 'सहज' म्हणून. त्यांना घरी बसवणं म्हणजे काय, हे मला समजत होतं.

मी म्हटलं, "घाबरू नका. चाळीस काय, सेहेचाळीस करू. मी आहे."

मी आहे. केवढा तो आधार.

सुटे भाग मंजूर झाले, तेही चुटकीसरशी. त्याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही, वाटायला हवं होतं. बुवा दुकानात जाऊन साठ नळकांडी घेऊन आले. दुकानदाराकडे पस्तीसची पुरेशी नव्हती. त्यानं एकाच पिशवीत दोन्ही भरून दिली आणि म्हणाला, बघून घ्या, लिहिलेलं असतं. बुवा त्याला काय सांगणार? पिशवी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली.

"बाई, एवढी निवडून द्या. डावीकडे पस्तीस, उजवीकडे पंचवीस."

त्या दिवशी शहराच्या अर्ध्या भागात पाणी नव्हतं, कुठेतरी मोठी जलवाहिनी फुटली होती. बोर्डावरचे दिवे विझतच नव्हते. पहिली वीसेक नळकांडी मी नीट वाचली, दिव्याखाली धरून, फिरवून फिरवून. मग एका बाईनं मला फोनवर इतकं बोलून घेतलं, की माझ्या कानशिलावरची शीर उडायला लागली. त्यानंतर मी वाचत नव्हते. आता सांगते, तेव्हा मला स्वतःलाही हे कबूल नव्हतं. अक्षर धूसर दिसायचं. मागचा पाच स्पष्ट, पुढे दोन की तीन, ते कळायचं नाही. हात लांब करायचा, डोळे बारीक करायचे, आणि म्हणायचं, "पस्तीस." पुढचं. "पस्तीस." मधेच एखादं "पंचवीस", म्हणजे निवडतेय असं वाटावं.

बुवा माझ्या शेजारी स्टुलावर बसून एकेक हातात घेत होते आणि ढिगात टाकत होते. एकदा ते थांबले. नळकांडं अंगठा आणि बोटाच्या मधे धरून त्यांनी दोन-तीनदा दाबून पाहिलं.

"हा जरा बुटका लागतोय हाताला."

"काय?"

"पस्तीसचा थोडा उंच असतो. केसभर. हा बुटका वाटतो."

"अहो, पस्तीस आहे! वाचता येतं मला. आता शपथ घेऊ का?" बोर्डावर तीन दिवे लुकलुकत होते. "बोटांनी वाचायचं असेल तर मला कशाला विचारता?"

ते खजील झाले. बिचारे म्हणाले, "नाही नाही, तुम्ही म्हणता तर असेलच." आणि त्यांनी ते डावीकडच्या ढिगात टाकलं. त्यानंतर त्यांनी बोटांनी चाचपणंच बंद केलं.

पुढचे तीन आठवडे बुवा दहा वर्षांनी लहान झाले होते. सकाळी माझ्या आधी हजर. रोज दोन फोन, कधी तीन. बशा टेबलावर मांडलेल्या, कथलाचा वास, आणि मधूनच, "बाई, ऐकू येतंय का?" वरच्या मजल्यावरचे लोक आपापले फोन परत न्यायला आले की ते दारापर्यंत सोडायला जात. तक्रार विभागातल्या पोरींनी फोन चालू झाले म्हणून टाळ्या वाजवल्या, तर हा माणूस मान खाली घालून जिन्याऐवजी भांडारात शिरला. चाळीसावा फोन झाला त्या दिवशी साहेबांनी खाली येऊन त्यांचा हात हातात घेतला. "शाबास," म्हणाले. मी साहेबांच्या तोंडाकडे पाहत होते. मला ते फार मऊ वाटले. म्हटलं, चला, या माणसातही माणूस आहे.

पहिला फोन त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी गेला. दुसऱ्या मजल्यावर, नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलावरचा. बुवांनी तो आणला, हुंगला, आणि नेहमीसारखं निदान सांगितलं नाही. पाठ माझ्याकडे करून खिडकीशी गेले आणि भिंग लावून बराच वेळ उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. सांधा सुटलाय."

त्या दिवसापासून बुवा डब्याच्या सुट्टीत दिसेनासे झाले. लोक जेवायला बसले की हे पिशवी घेऊन मजल्यामजल्यावर फिरत, टेबलांखाली वाकत, फोन काढून खाली आणत, काहीतरी करत आणि लोक परत यायच्या आत जाग्यावर ठेवून येत. त्यांचा स्वतःचा डबा संध्याकाळी तसाच घरी जाई. मी विचारलं की म्हणत, "साफसफाई करतोय जरा." आणि मला एकही नळकांडं वाचायला देत नव्हते. एकही नाही. खुर्चीत बसून डोळे मिटायचे आणि दोन बोटांत धरून चाचपत राहायचे, नव्या शेजारी जुनं, जुन्याशेजारी नवं.

मला राग आला. हो, मला! माझी गरज संपली, असं वाटलं मला. इतके दिवस वाचून दिलं आणि आता चाळीस फोन झाल्यावर बाईची किंमत नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तरी "नको" म्हटलं. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांनी साहेबांना सांगितलं असतं तर? चार दिवस मागून घेऊन सगळे फोन उघडून पुन्हा तपासता आले असते. पण मग साहेबांनी विचारलं असतं, की चुकीचे कसे बसले. आणि मग डोळ्यांचं बाहेर आलं असतं, आणि कोण वाचून देत होतं तेही. म्हणून ते एकेक करून गुपचूप बदलत होते. अकरा फोनांत पंचवीसचे गेले होते, असं नंतर मोजल्यावर कळलं. एक उडाला होता. बुवांनी नऊ शोधून काढले, नुसत्या बोटांनी, उपाशी पोटी.

अकरावा पाचव्या मजल्यावरच्या बैठकीच्या दालनात होता. त्या दालनाला कुलूप असतं आणि किल्ली साहेबांकडे.

तो मंगळवारी उडाला, भर बैठकीत. बाहेरचे पाहुणे आलेले, साहेब काहीतरी समजावून सांगत होते, आणि टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या फोनातून फट्ट आवाज आला आणि धूर निघाला. धूर असा किती, उदबत्तीएवढा. पण छतावरच्या यंत्राला तेवढा पुरला. सातही मजल्यांवर भोंगे वाजले. चारशे माणसं जिन्यानं धावत खाली रस्त्यावर आली. आगीचा बंब आला. बंबवाल्यांनी तो फोन पक्कडीत धरून खाली आणला आणि पायरीवर ठेवला. सगळे त्याच्याभोवती जमून बघत होते. बुवा मागे भिंतीला टेकून उभे होते.

तासाभरानं साहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. मला कशाला, तर भोंगा किती वाजता वाजला, त्याची नोंद माझ्या वहीत होती. टेबलावर तो फोन उघडा पडला होता. शेजारी एक कागद होता, तो मी उलट्या बाजूनंही ओळखला. माझ्या स्वागताच्या टेबलावरच्या नेमणुकीचा. सही व्हायची होती.

"काय झालं हे?" साहेबांनी विचारलं.

"पार्ट चुकीचा बसला, साहेब," बुवा म्हणाले. "पस्तीसच्या जागी पंचवीसचा. वाचताना चूक झाली."

खिडकीतलं भिंग, डब्याच्या सुट्टीतल्या फेऱ्या, मिटलेले डोळे, सगळं एका क्षणात जुळलं.

"कुणाची चूक?"

बुवांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्या टेबलावर मीच असतो ना, साहेब. दुसरं कोण?"

मी तिथं उभी होते. हातात वही होती. एक वाक्य बोलायचं होतं, "साहेब, वाचलं मी." तीन शब्द. दिवसभर लोकांना तोंडावर बोलणारी मी, माझ्या तोंडात मिठाची गुळणी. मी कागदाकडे बघत होते. मला माझं टेबल हवं होतं. हे याहून बरं करून सांगता येत नाही, म्हणून तसंच सांगते.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "बुवा, मी काय करू आता?" म्हणाले. फार दुःखानं म्हणाले.

पंधरा दिवसांत खोली रिकामी झाली. सगळे फोन, चालू असलेलेसुद्धा, पोत्यांत भरून भंगारात जायचे होते. बुवा प्रत्येक अडॅप्टरची वायर नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधत होते. हमाल म्हणाला, "अहो, भंगार आहे ते." बुवा म्हणाले, "असू दे, गुंता नको." निघताना त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "सांभाळून राहा." मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या महिन्यात मी चष्मा केला. डॉक्टर म्हणाले, तीन-चार वर्षांपूर्वीच यायला हवं होतं.

स्वागताच्या टेबलावर मला चार महिने झाले, तेव्हा कॉम्प्युटरवरच्या नव्या यंत्रणेची खोकी यायला लागली, तोवर लोक आपापल्या मोबाइलवर भागवत होते. माल आला की पावतीवर सही माझी. पावतीवर मागणीची तारीख असते. चष्मा लावून मी ती तारीख वाचली, पुसून परत वाचली. साहेब आमच्या खोलीत येऊन 'एक संधी' म्हणाले होते, त्याच्या नऊ आठवडे आधीची ती तारीख होती. यंत्रणा आधीच मागवून झाली होती.

मी पावती घेऊन वर गेले. साहेब चिडले नाहीत, लाजलेही नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "इतक्या वर्षांच्या माणसाला तोंडावर नाही म्हणवेना हो. म्हटलं, तीन महिने मन तरी रमेल त्यांचं. आणि दोन महिन्यांत एखादा फोन बंद पडणारच होता की. कुठलाही पडतो."

खोटं नाही सांगत, जिना उतरताना मला हलकं वाटलं. माझ्यामुळे काही गेलं नव्हतं. मी अगदी सगळी नळकांडी बरोबर वाचली असती, तरी बुवा घरीच गेले असते. मी चार महिने उगाच जळत होते. वाटलं, बुवांनाही हे सांगितलं पाहिजे. त्यांनाही हलकं वाटेल.

रविवारी त्यांचं घर शोधत गेले. एका लाँड्रीच्या वर दुसरा मजला. जिन्यात वाफेचा आणि साबणाचा वास. दार वहिनींनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "अहो, बघा कोण आलंय," म्हणाल्या, आणि मग हळूच मला, "बरं झालं आलात. बोलतच नाहीत हो कुणाशी."

बुवा खिडकीशी खुर्चीत बसले होते. हात मांडीवर. समोर टेबल होतं, आणि टेबलावर काहीच नव्हतं. मी त्यांचं टेबल असं रिकामं कधी पाहिलं नव्हतं. मला बघून ते हसले, पूर्वीचं अर्धं हसू. "चष्मा छान दिसतो," म्हणाले.

वहिनी चहा करायला आत गेल्या. मी बसल्या बसल्या सगळं ओकून टाकलं. की ती नळकांडी मी वाचलीच नव्हती, अंदाजानं सांगत होते. की साहेबांपुढे मी गप्प बसले.

"पहिला फोन उघडला तेव्हाच कळलं मला," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? चार शिव्या तरी द्यायच्या."

"तुम्हालाही दिसत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं. ते मी कसं सांगणार? मला जेव्हा पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं ना, तेव्हा मी तीन दिवस जेवलो नव्हतो." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि माझीच चूक आहे. हात सांगत होता, बुटका आहे. मी हाताचं ऐकलं नाही."

एवढ्यावर मी उठायला हवं होतं. माफी मागून झाली होती, मिळाली होती. पण माणसाला एक मिळालं की दुसरं हवं असतं. मी म्हणाले, "नाही बुवा, कुणाचीच चूक नव्हती. तेच तर सांगायला आलेय." आणि मी तारखेचं सांगितलं. नऊ आठवडे आधीची मागणी. साहेब काय म्हणाले, तेही शब्दाला शब्द. पर्समधून पावतीची नक्कल काढून त्यांच्या हातात दिली, जसा काही बक्षिसाचा कागद.

त्यांनी ती वाचायचा प्रयत्न केला नाही. हातात धरून बसले.

"म्हणजे चाळीसच्या चाळीस पस्तीसचे असते, तरी?"

"तरी."

"एकही उडाला नसता, तरी?"

"तरीसुद्धा, बुवा. आधीच ठरलं होतं सगळं. तुमच्या हातात काहीच नव्हतं."

खालून इस्त्रीनं वाफ सोडल्याचा आवाज येत होता. मी वाट बघत होते, की आता त्यांचा चेहरा सैल होईल.

"बाई, हे कशाला सांगितलंत?"

मला कळेना.

"दुपारी इथं बसलो ना, की मी ते फोन पुन्हा करायचो," ते म्हणाले. "मनात. पहिल्यापासून. एकेक उघडायचा, एकेक नळकांडं हाताला लावून बघायचं, बुटकं असलं की बाजूला. चाळीसही बरोबर बसायचे. दोन महिने जायचे, एकही उडायचा नाही, आणि साहेब खाली येऊन म्हणायचे, राहू द्या खोली. रोज करायचो. दुपार जायची." त्यांनी कागदाची घडी घातली, कडेला कड जुळवून. "आता तेवढंही कशाला करू?"

मी माझं ओझं उतरवायला गेले होते आणि त्यांच्या अंगावर टाकून बसले होते. तोपर्यंत त्यांच्याजवळ निदान एक चूक होती, आणि ती त्यांची होती. मी तीही काढून घेतली.

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही तिघांनी चहा घेतला. वहिनी एकट्याच बोलत होत्या, लाँड्रीतल्या वाफेनं भिंतीला ओल येते त्याबद्दल. निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "येत जा हो अधूनमधून. तुम्ही आलात की बरं वाटतं त्यांना."

"येईन की," मी म्हणाले.

याला आता दोन वर्षं होतील. मी गेलेली नाही.